स्वयंपाकघर मागे सरकले, संडासाचा झरोका कुठे उघडला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास घरोघरी स्वयंपाकघराची कामे निघतात. मॉड्युलर किचनवाला संगणकावर रंगीत चित्र दाखवतो. शटरचा रंग, ग्रॅनाइटची जात, चिमणीचा आकार यांवर आठवडाभर खल होतो. ओट्याच्या मागच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे, हे मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही. तळमजल्यावरच्या संडास-बाथरूमला खेटून असलेल्या स्वयंपाकघराची तोडफोड करताना नियम काय सांगतो आणि तो मोडला की नेमके काय बिघडते, ते लिहावे म्हणून हे पत्र.

नाशिक, पुणे, नवी मुंबईकडच्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या रो-हाऊसचा आराखडा बराचसा सारखा असतो. पुढे हॉल, मध्ये जिना, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून संडास-बाथरूम आणि त्यामागे पाच-सहा फुटांचे उघडे अंगण. त्या अंगणात भांडी घासायची मोरी, ड्रेनेजचे चेंबर, एखाद्या घरी गॅस गिझरही. स्वयंपाकघराची खिडकी आणि बाथरूमचा झरोका, दोन्ही याच अंगणात उघडतात. पुढे जागा अपुरी पडू लागते. अंगणावर पत्रा किंवा स्लॅब पडतो आणि स्वयंपाकघर थेट कुंपणभिंतीला जाऊन भिडते. बाथरूम होते तिथेच राहते. त्याचा झरोका मात्र आता शेगडीच्या डोक्यावर उघडतो.

राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ या बाबतीत संदिग्ध नाही. संडास असलेल्या खोलीचे दार, खिडकी किंवा कोणतेही भोक थेट स्वयंपाकघरात अथवा स्वयंपाकाच्या जागेत उघडता कामा नये. तिची किमान एक भिंत बाहेरच्या हवेला लागून हवी. तिला पूर्ण बंद होणारे दार हवे, भिंतींना जमिनीपासून किमान १ मीटरपर्यंत पाणी न शोषणारा गुळगुळीत पृष्ठभाग हवा आणि जमिनीचा उतार मोरीकडे हवा, दुसऱ्या खोलीकडे नको. संहिता शिफारसवजा आहे, पण स्थानिक नियमावल्या तिच्याच पठडीत बेतलेल्या असतात. बृहन्मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे सोडली तर ३ डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली चालते. मुंबईची नियमावली वेगळी आहे. आपले घर कोणत्या नियमावलीत येते, ते आधी नगररचना विभागात विचारून घ्यावे.

स्वयंपाकघराचेही किमान माप संहितेत आहे. जेवणाची जागा वेगळी असेल तर ५ चौरस मीटर क्षेत्र आणि १.८ मीटर रुंदी. स्वयंपाकघरातच जेवायचे असेल तर ७.५ चौरस मीटर आणि २.१ मीटर. खिडकी किमान १ चौरस मीटरची, उघड्या जागेत उघडणारी; पाइपांच्या बंदिस्त डक्टमध्ये उघडलेली चालत नाही. अंगण झाकले की ही खिडकीही जाते. म्हणजे एका पत्र्याने संडासाचा झरोका आणि स्वयंपाकघराची खिडकी, दोन्ही एकदम निकामी होतात.

‘घर माझे, आतले काम माझे, परवानगी कशाला?’ हा नेहमीचा सवाल. त्यात निम्मे तथ्य आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार इमारतीच्या फक्त आतल्या भागावर परिणाम करणाऱ्या किंवा बाह्य स्वरूप फारसे न बदलणाऱ्या दुरुस्ती-सुधारणेला विकास परवानगी लागत नाही; वारसा इमारतींना ही सवलत नाही. ओटा बदलणे, फरशी नव्याने बसवणे, जुन्या जागी नवे सिंक लावणे ही कामे या सवलतीत बसतात. मागचे अंगण झाकणे बसत नाही, कारण ती जागा मंजूर नकाशात सामासिक अंतर म्हणून मोकळी सोडलेली असते आणि झाकल्यावर बांधकाम क्षेत्र वाढते. ‘पत्राच तर आहे, स्लॅब कुठे आहे?’ ही सबब तिथे चालत नाही. मुंबईत महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४२ मध्ये किरकोळ दुरुस्तीला मोकळीक आहे, पण भार पेलणारी भिंत काढणे, जमिनीची पातळी खाली नेणे, बांधकामाची मापे बदलणे ही कामे किरकोळ दुरुस्तीत मोडत नाहीत.

दुसरा प्रकार अंगणापर्यंत जातही नाही. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत पाडून ‘ओपन किचन’ केले जाते. जिन्याखालच्या संडासाचे दार आजवर जेवणाच्या जागेत उघडत होते, त्याला कुणाची हरकत नव्हती. भिंत पडली की तीच जागा स्वयंपाकाची झाली आणि त्या दाराला हात न लावताच नियम मोडला. संडासाचे दार जिन्याच्या बाजूला फिरवणे हा सरळ उपाय. तेवढी सोय नसेल तर मध्ये तीन फुटांचा बोळ ठेवून त्याला दुसरे दार लावायचे. नवे दार काढताना वर लिंटेल (वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी पट्टी) हवेच आणि त्याला दोन्ही बाजूंना किमान १५० मिलिमीटर टेकण हवे. चौकटीवर विटा उभ्या रचून वेळ मारून नेणारे गवंडी कमी नाहीत; वर्षभरात चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते.

इथे वास्तुशास्त्राचा विषय निघतोच. संडास आणि स्वयंपाकघर यांची भिंत एकच असायला संहितेची हरकत नाही, हरकत आहे ती थेट उघडणाऱ्या दार-खिडकीला. तरीही ‘ओट्यामागे संडास नको’ म्हणून लोक संडासाचे भांडे दुसऱ्या कोपऱ्यात हलवतात. श्रद्धेबद्दल काही म्हणायचे नाही, उताराचे गणित मात्र करून पाहावे. ११० मिलिमीटरच्या मैलापाइपाला १:४० उतार धरतात, म्हणजे मीटरला २५ मिलिमीटर. भांडे चेंबरपासून दीड मीटरवर होते तेव्हा ३८ मिलिमीटर उतार पुरत होता. ते चार मीटर पुढे नेले की एकूण लांबी साडेपाच मीटर आणि उतार १३८ मिलिमीटर होतो. चेंबरमध्ये पाइपाचा तळ फरशीपासून एक फूट, म्हणजे ३०० मिलिमीटर खाली असेल, तर नव्या भांड्यापाशी तो जेमतेम १६२ मिलिमीटर खाली राहतो. त्यातून पाइपाची जाडी वजा केली की फरशी आणि मसाल्यासाठी उरतात ५२ मिलिमीटर. भांड्याखालचा बेंड त्यात मावत नाही. मग प्लंबर दोनपैकी एक करतो. उतार न देता पाइप आडवा टाकतो, तेव्हा पाणी निघून जाते, मैला मागे राहतो आणि लाइन महिन्याला तुंबू लागते. नाहीतर बाथरूमची जमीन पायरीभर उचलतो, तेव्हा उंबऱ्यावरून सांडलेले पाणी खालच्या स्वयंपाकघरात येते. बाथरूमची जमीन शेजारच्या खोलीपेक्षा २० ते २५ मिलिमीटर खाली असावी, ही पद्धत काही उगाच पडलेली नाही.

आता मधल्या भिंतीकडे वळू. ती नऊ इंची असेल तर पाडण्याआधी थांबा. जुन्या रो-हाऊसमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा स्लॅब बऱ्याचदा याच भिंतीवर टेकलेला असतो. वर बाथरूम, खाली बाथरूम ही सोय पाइपांसाठी जशी असते, तशी वजनासाठीही असते. कोपऱ्यात कॉलम आणि वर बीम दिसत नसेल, तर भिंत भार पेलते असेच धरून चालावे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. अलीकडच्या ‘मायव्हान’ पद्धतीच्या इमारतींत तर भिंती विटांच्या नसतातच, लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात. तिथे दार वाढवणे सोडाच, पाइपासाठी खाच मारणेही नको.

खाचेचेही माप ठरलेले आहे. विटांच्या भारवाहक भिंतींसाठीच्या आयएस १९०५ या मानकानुसार उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी. २३० मिलिमीटरच्या भिंतीत आडवी खाच फार तर ३८ मिलिमीटर झाली. हाच हिशेब चार इंची, म्हणजे ११५ मिलिमीटरच्या भिंतीला लावला तर १९ मिलिमीटर. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपाचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर असतो, म्हणजे तो त्या खाचेत मावतच नाही. चार इंची भिंत बहुधा नुसती आडभिंत असते, तिच्यावर भार नसतो. पण अशा भिंतीला बाथरूमच्या बाजूने शॉवरच्या डायव्हर्टरसाठी आणि स्वयंपाकघराच्या बाजूने आरओ, गिझर, डिशवॉशरसाठी समोरासमोर खाचा पडल्या, की मध्ये बोटभर वीट उरते. वरच्या कपाटांचा सगळा भार त्याच भिंतीवर टांगायचा असतो, आणि कपाटासाठी मारलेला ड्रिल पलीकडच्या गरम पाण्याच्या पाइपात घुसतो. म्हणून खाचा बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढून ठेवावा. कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती, हे दोन आकडे त्यात स्पष्ट दिसले पाहिजेत. शक्य असेल तर सामाईक भिंतीवर पाइप फक्त बाथरूमच्या बाजूने न्यावेत आणि सिंकचे पाइप ओट्याखालून, उघड्यावर.

सांडपाण्याचा नियम लोकांना सर्वांत कमी ठाऊक असतो. मैलापाणी थेट चेंबरमध्ये जाते. सिंकचे आणि मोरीचे पाणी आधी गल्ली ट्रॅपमध्ये, म्हणजे अंगणातल्या जाळीच्या छोट्या कुंडीत, पडून मग चेंबरमध्ये जाते. ट्रॅपमध्ये साठून राहणारे ५० मिलिमीटर पाणी हेच गटारातला वायू आणि झुरळे यांना अडवणारे झाकण. अंगण झाकताना हा गल्ली ट्रॅप नव्या फरशीखाली गाडला जातो आणि सिंकचा पाइप जवळ दिसेल त्या लाइनीला जोडला जातो. बहुतेक वेळा बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला (जमिनीतल्या जाळीखालच्या ट्रॅपला), कधी तर सरळ संडासाच्या लाइनीला. पहिल्या प्रकारात फोडणीचे तेल नहाणीत जाऊन थिजते. पहिल्या पावसाळ्यात काही कळत नाही, पहिल्या हिवाळ्यात लाइन तुंबते आणि भांडी घासली की बाथरूमच्या जाळीतून खरकटे पाणी वर येते. दुसऱ्या प्रकारात संडासाची लाइन पुढे तुंबली की मैलापाणी सिंकच्या दिशेने चढते. सिंकची लाइन स्वतंत्र ठेवावी. सिंकखाली बाटली ट्रॅप, तिथून ५० मिलिमीटरचा पाइप, प्रत्येक वळणाला उघडता येणारे झाकण, आणि गल्ली ट्रॅप बाहेर, हात पोहोचेल अशा जागी. गोल वळ्यांचा लवचिक पाइप नहाणीच्या जाळीत खोचणे ही जोडणी नव्हे. त्याच्या वळ्यांत भाताची शिते अडकतात आणि जाळी कायमची उघडी राहते.

तळमजल्याचा फ्लॅट असेल तर आणखी एक काळजी. वरच्या मजल्यांचा उभा पाइप तळाशी जिथे वळतो, तिथे पाण्याचा दाब उलटा येतो. तळमजल्याचे सिंक त्या वळणाजवळ जोडले, तर वरच्या घरात वॉशिंग मशीन रिकामे झाले की खालच्या सिंकमध्ये फेस येतो. तळमजल्याच्या लाइनी उभ्या पाइपाला न जोडता स्वतंत्रपणे चेंबरमध्ये न्याव्यात.

चेंबर नव्या स्वयंपाकघराच्या पोटात आले असेल, तर नुसती फरशी बसवून ते झाकू नये. ते बाहेर हलवावे, आतला पाइप सरळ, बिनजोडाचा टाकावा. हलवणे अगदीच अशक्य असेल तर वायू न सुटणारे दुहेरी बंदाचे झाकण बसवावे. फरशीखाली पुरलेल्या चेंबरचे दुखणे असे, की ते तुंबते त्या दिवशी ते नेमके कुठे आहे, हेही कुणाला आठवत नाही. मग फरशी कोपऱ्यापासून फोडत जावे लागते.

गॅसचा भाग सर्वांत गंभीर. अंगणातल्या भिंतीवरचा गॅस गिझर उघड्यावर होता तोवर त्याचा धूर निघून जात होता. अंगण झाकले की तोच गिझर घराच्या आत आला आणि त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड कोंडू लागला. या वायूला रंग नाही, वास नाही. गिझर बाहेरच्या उघड्या भिंतीवर न्यावा, नाहीतर विजेचा घ्यावा; तिसरा पर्याय सुचवण्यासारखा नाही. सिलिंडरचेही तसेच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर जमिनीलगत पसरतो आणि नहाणीच्या जाळीतून लाइनीत उतरतो. सिलिंडर उभा, जमिनीवर, जाळीपासून दूर ठेवावा. कपाटात ठेवायचा तर कपाटाला तळाशी आणि वर झरोके हवेत. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि ती भिंतीतून आरपार नेऊ नये. सिलिंडर बाहेर आणि शेगडी आत असेल, तर मध्ये तांब्याचा किंवा लोखंडी पाइप अधिकृत माणसाकडून टाकून घ्यावा.

यात चिमणी भर घालते. तिच्या खोक्यावर तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा खेचण्याचा आकडा छापलेला असतो. तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते. खिडक्या बंद असतील तर ती बाथरूमच्या दाराखालच्या फटीतून येते आणि दुर्गंध बरोबर घेऊन येते. पाहुण्यांसाठी राखलेल्या, रोज न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपचे पाणी उन्हाळ्यात सुकून जाते. मग ती हवा थेट गटारातून येते. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल, तर त्याचा धूरही उलटा घरात ओढला जातो. याची परीक्षा एका उदबत्तीने होते. खिडक्या लावून घ्या, चिमणी पूर्ण वेगात सोडा आणि उदबत्ती बाथरूमच्या उंबऱ्याशी धरा. धूर स्वयंपाकघराकडे वळला, तर चिमणी चालू असताना खिडकी उघडी ठेवणे भाग आहे. न वापरल्या जाणाऱ्या नहाणीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओतावे.

ओलीबद्दल थोडे. नवी प्लायवूडची कपाटे वर्षाच्या आत खालून फुगतात तेव्हा दोष सुताराला दिला जातो. पाणी आलेले असते भिंतीपलीकडून, टाइलच्या सांध्यांतून आणि नळाच्या जोडातून. म्हणून आधी बाथरूम, मग स्वयंपाकघर, हा क्रम सोडू नये. पाइप टाकल्यावर खाचा उघड्या असतानाच हातपंपाने ७ ते १० किलोचा दाब देऊन तासभर काटा खाली येत नाही ना, ते पाहावे. सीपीव्हीसीचे चिकटवलेले जोड त्याआधी दिवसभर सुकू द्यावेत. वॉटरप्रूफिंगचा थर जमिनीवरून भिंतीवर किमान एक फूट चढवावा आणि शॉवरच्या भिंतीवर सहा फूट. नहाणीचे तोंड बांधून ४८ तास पाणी साठवावे आणि स्वयंपाकघराच्या बाजूने भिंतीच्या तळाला हात लावून पाहावा. ही परीक्षा टाइल लावण्याआधी करायची असते. टाइलनंतर घेतली तर ओल कळते, पण कुठून आली ते कळत नाही. सामाईक भिंतीलगतच्या खालच्या कपाटांना पाठीमागची फळी लावू नये आणि कपाटे चार इंच पायांवर उभी करावीत, म्हणजे भिंत बघता येते. बाथरूमच्या विजेच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवा आणि गिझरचे बटण बाहेर.

सोसायटीत असाल तर काम काढण्याआधी समितीला लेखी अर्ज आणि हाताने काढलेला का होईना, नकाशा द्यावा. सोसायट्यांनीही ना-हरकत देताना नुसती कामगारांची नावे आणि मलब्याची अनामत रक्कम घेऊन थांबू नये. बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्या पाइपांची जुनी व नवी जागा आणि पाणी साठवण्याच्या परीक्षेची तारीख, एवढे दोन कागद मागावेत. पुढे गळतीचे भांडण झाले, की हेच कागद कामी येतात.

महापालिका आणि नगरपालिकांकडे एक मागणी आहे. मंजूर नकाशांत ड्रेनेजची लाइन आणि चेंबर दाखवलेली असतात, पण प्रत्यक्षात ती कुठे बसली, त्याचा नकाशा घरमालकाच्या हाती येत नाही. भोगवटा प्रमाणपत्राबरोबर विकासकाने असा प्रत्यक्ष मापांचा ड्रेनेज नकाशा देणे बंधनकारक करावे, आणि कोणत्या कामाला परवानगी लागते, कोणत्याला नाही, याचा एक पानी मराठी तक्ता प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावा. मागचे अंगण आधीच झाकलेल्यांनी निदान बाथरूमचा झरोका विटांनी बुजवून त्या जागी सहा इंची पाइप आणि पंखा बसवावा, आणि पाइपाचे तोंड छताच्या वर, मोकळ्या हवेत काढावे. त्याने बांधकाम नियमित होत नाही, त्यासाठी परवानाधारक अभियंत्यामार्फत अर्ज करावाच लागेल. पण तोवर संडासाची हवा शेगडीवर येणार नाही.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, नाशिक